पेट्रोलचा काटा बिघडल्यावर दोनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर पुरतो का?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याला आग्रा रोडवर ‘830 द्या’ म्हटलं की काउंटरवर येतो तो हाच: तळहातापेक्षा थोडा मोठा, मधोमध गोल नॉब, लाल-काळ्या दोन वायरी आणि पोटात 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. कंपनी कोणतीही असो, आतला नकाशा बहुतेक एकच. किंमत साधारण दोनशे ते तीनशे रुपये. घरात प्लगमध्ये करंट आहे का बघायला लोक तो घेतात. इथे त्याची परीक्षा एकाच कामासाठी केली आहे: गाडीतल्या इंधनाच्या काट्याचा दोष शोधणे.

हे काम निवडायचं कारण म्हणजे काटा पडला की सरसकट ‘फ्लोट गेला’ असं ठरवलं जातं. टाकी उतरते, नवा फ्लोट बसतो आणि काटा तिथेच राहतो, कारण दोष अर्थिंगच्या गंजलेल्या स्क्रूत असतो. पंधरा-वीस मिनिटांचं मोजमाप आधी केलं तर हा खर्च होत नाही. धडगाव-मोलगीच्या घाटात किंवा तोरणमाळच्या वाटेवर गाडी कोरडी पडली तर काय होतं, ते त्या भागात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

आधी काटा चालतो कसा ते बघू. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो. त्याच्या दांडीला बारीक कॉन्टॅक्ट असतो आणि तो रेझिस्टन्सच्या (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) पट्टीवर सरकतो. टाकी जशी रिकामी होते तसा ओहमचा आकडा बदलतो आणि डॅशबोर्डमधला काटा तो आकडा वाचतो. जपानी पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत टाकी रिकामी असताना सुमारे 110 ओहम, अर्धी असताना 32-33 आणि भरलेली असताना 3 ओहम मिळतात. युरोपीय पद्धतीच्या काही युनिटमध्ये उलटं असतं: रिकामी 10, भरलेली 180. म्हणून आपल्या गाडीचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या गाडीचे लावू नका. उलट पद्धतीत निदानही उलटतं. जपानी पद्धतीत वायर तुटली तर काटा ‘ई’च्या खाली झोपतो आणि वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर ‘एफ’च्या वर जाऊन बसतो. युरोपीय पद्धतीत वायर तुटली तर टाकी भरलेली दिसते, आणि हा प्रकार जास्त धोक्याचा.

110, 32 आणि 3 हे तिन्ही आकडे 830 च्या ‘200’ ओहमच्या रेंजमध्ये येतात, आणि या कामाला त्याची अचूकता पुरेशी आहे. यात तो पास. एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. सोबत आलेल्या वायरी बारीक असतात आणि त्यांचाच रेझिस्टन्स अर्धा-एक ओहम भरतो. दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट लावा, दिसेल तो आकडा लक्षात ठेवा आणि प्रत्येक मापातून वजा करा. 110 ला याने फरक पडत नाही, पण भरलेल्या टाकीच्या 3 ओहमवर एक ओहमची चूक म्हणजे तिसरा हिस्सा झाला.

आता मोजायचं कुठे? बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचं सीट उचललं की पत्र्याचं किंवा रबरी झाकण दिसतं आणि त्याखाली टाकीचा कपलर (वायरी जोडायचा, सुटा करता येणारा प्लग) असतो. केळी आणि कापूस वाहणाऱ्या पिकअपमध्ये टाकी चेसिसच्या बाजूला असते, तिथे कपलर बाहेरूनच सापडतो. काही गाड्यांत मात्र टाकी खाली घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. झाकण उघडण्याआधी वरची माती ब्रशने नीट झाडून घ्या. आपल्याकडची काळी माती पिठासारखी बारीक असते, टाकीत पडली तर पंप आणि फिल्टरचं काम वाढवते.

पेट्रोल गाडीत पंप आणि फ्लोट एकाच युनिटमध्ये असतील तर कपलरला चार-पाच पिन असतात. जाड वायरींची जोडी पंपाची, बारीक फ्लोटची. चुकून पंपाच्या पिनवर मोजलं तर एक-दोन ओहम दिसतात आणि नवशिका ‘टाकी फुल्ल’ असा अर्थ काढतो. ओळखायचं असं: गाडी मागून धरून हलवा. फ्लोटचा आकडा पेट्रोलच्या लाटेबरोबर खाली-वर होतो, पंपाचा जागचा हलत नाही.

फ्लोट मोजताना चावी बंद, कपलर सुटा. डिस्प्लेवर डावीकडे नुसता ‘1’ राहिला तर सर्किट उघडं आहे, म्हणजे पट्टी तुटली किंवा कॉन्टॅक्ट उचलला गेला. आकडा टाकीतल्या इंधनाशी जुळला तर फ्लोट निर्दोष आहे, टाकीला हात लावायचं कारण उरत नाही. जपानी पद्धतीच्या टाकीत पन्नास टक्के इंधन आहे आणि 110 दिसतात, असं झालं तर तरंगणाऱ्या डब्यातच पेट्रोल शिरून तो बुडाला असेल, नाहीतर दांडी वाकून अडकली असेल. युनिट बाहेर काढल्यावर डबा कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल असेल तर खळखळ ऐकू येते.

इथे या मल्टिमीटरची खरी उणीव समोर येते. बाहेर काढलेल्या फ्लोटची दांडी हाताने वर-खाली करून पट्टीवरची मेलेली जागा शोधायची असते. हा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच वाचतो. दांडी झपकन फिरवली तर दोष दिसतच नाही. रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत पुरते वीस सेकंद घ्या. आकडा 60, 58, 55 असा उतरत असताना मधेच ‘1’ चमकला की ती जागा घासलेली आहे. या एका कामात जुन्या पद्धतीचा काट्याचा मल्टिमीटर सरस ठरतो, त्याचा काटा दचकलेला लगेच दिसतो. पट्टीवर काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. इंधनातल्या गंधकामुळे चांदीच्या कॉन्टॅक्टवर असा थर बसतो. पॉलिश पेपर लावू नका. पट्टीचा लेप पातळ असतो, घासला की आकडे कायमचे बदलतात.

फ्लोट चांगला निघाला तर पुढचा संशय अर्थिंगवर, आणि यात हा मल्टिमीटर किमतीपेक्षा जास्त काम देतो. त्याला डीसी व्होल्टची ‘200 मिली’ रेंज आहे. कपलर जोडलेला ठेवा, इंजिन चालू करा. कपलरच्या मागच्या बाजूने टाचणी घालून अर्थच्या वायरीला स्पर्श करा. दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. तितकी लांब वायर सोबत येत नाही, जास्तीची एक घ्यावी लागते. 100 मिलीव्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त दिसलं किंवा रेंजच संपली तर अर्थचा स्क्रू खोला, रंग आणि गंज खरवडा, घट्ट बसवा. खराब अर्थिंग दहाएक ओहमची भर घालतं. जपानी पद्धतीत 3 चे 13 होतात, टाकी काठोकाठ भरली तरी काटा पाऊणच्या आसपास थांबतो. मल्टिमीटरशिवायही याची एक खूण मिळते: हेडलाइट किंवा ब्रेक लाइट लागला की काटा खाली येतो. टेललाइटचा करंट त्याच गंजक्या अर्थमधून परततो, म्हणून असं होतं.

वायरिंग आणि डॅशबोर्डमधला मीटर तपासायला मल्टिमीटरपेक्षा दोन रेझिस्टर उपयोगी: 100 आणि 33 ओहम, 2 वॉटचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळतात. कपलर सुटा करून वायरिंगच्या बाजूच्या फ्लोटच्या दोन पिनांमध्ये आधी 33 चा लावा, मग चावी द्या. जपानी पद्धतीत काटा अर्ध्यावर आला, 100 लावल्यावर ‘ई’जवळ गेला, तर कपलरपासून डॅशबोर्डपर्यंत सगळं ठीक. घाई नको. नव्या गाड्यांत काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो, एक-दोन मिनिटं थांबा किंवा चावी बंद करून पुन्हा द्या. वायर थेट बॉडीला टेकवून बघायची जुनी सवय सोडलेली बरी. त्यात ठिणगी पडते, आणि इलेक्ट्रॉनिक मीटरला ते सोसेलच असं नाही. जुन्या गाड्यांत तापमानाचा काटाही सोबतच वेडावाकडा झाला असेल तर फ्लोट सोडा, दोन्ही काट्यांना पुरवठा करणारा रेग्युलेटर किंवा फ्यूज बघा. सीएनजी किटच्या स्विचवरचे दिवे हे वेगळंच सर्किट असतं, ते या तपासणीत येत नाही.

आता या मल्टिमीटरच्या धोक्याच्या जागा. ‘10 ए’ लिहिलेल्या भोकाला फ्यूज नसतो. लाल वायर तिथे विसरून बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात तर सरळ शॉर्ट होतो, वायर हातात वितळते. उघड्या टाकीजवळ असं झालं तर आग. लाल वायर कायम मधल्या भोकात ठेवा. दुसरी गोष्ट, चावी चालू असताना ओहम मोजू नका. आकडा खोटा येतो आणि मल्टिमीटरही जाऊ शकतो. तिसरी म्हणजे आतली बॅटरी उतरली की हा मल्टिमीटर व्होल्ट जास्त दाखवतो. उभ्या गाडीची बॅटरी 14 च्या वर दिसली तर आधी मल्टिमीटरची बॅटरी बदला. ओहमवर याचा परिणाम कमी होतो, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही.

उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ठेवलेल्या या मल्टिमीटरचा डिस्प्ले काळा पडतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या घरात जातो, बंद गाडीत त्याहून बराच वर. सावलीत थोडा वेळ ठेवला की बहुतेक वेळा पूर्ववत होतो. युनिट बाहेर काढायचं कामही त्या दिवसांत सकाळी लवकर, मोकळ्या जागेत आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढूनच करा. टाकी अर्ध्याच्या खाली असावी. युनिट टाकीला आवळून धरणारी लॉक रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नका, पितळी किंवा लाकडी ठोकणी वापरा. खालचं रबरी वायसर पेट्रोलने फुगतं आणि पुन्हा खाचेत बसत नाही, नवं हाताशी असू द्या.

काट्याच्या कामापुरतं 830 ला पाचपैकी चार. एक गुण वायरींसाठी कापला, त्यांची टोकं महिन्या-दोन महिन्यांत मुळापासून सुटतात आणि मग आकडा नाचतो. दुकानात घेतानाच ‘200’ ओहमवर टोकं जुळवून वायर मुळाशी वाकवून पाहा. आकडा हलला तर दुसरा जोड मागा. शक्य असेल तर शंभरेक रुपये जास्त देऊन मऊ सिलिकॉनच्या वायरी वेगळ्या घ्या, आणि दुकानातला एखादा 100 ओहमचा रेझिस्टर काउंटरवरच मोजून बघा. पाच टक्क्यांच्या रेझिस्टरवर 95 ते 105 मधला आकडा यायला हवा.