पाचशे रुपयांतला २ टीबी पेनड्राइव्ह आणि सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर

पुण्यात कोथरूडच्या एका घरातून दुरुस्तीला आलेल्या डेस्कटॉपची तक्रार नेहमीचीच होती. मध्येच निळा पडदा येतो, सुरू करताना लोगोवर अडकतो, हार्ड डिस्क गेली असावी. त्याआधी कुणीतरी विंडोज नव्याने टाकून दिलं होतं, एसएमपीएस (वीज पुरवणारा आतला डबा) बदलला होता आणि 'मदरबोर्ड म्हातारा झालाय' असं सांगून पुढच्या खर्चाची सोयही करून ठेवली होती. दोष यांतल्या कशातच नव्हता. मागच्या पोर्टला कायम लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढला आणि मशीन सुरळीत चालू झालं. पेनड्राइव्हवर छापलं होतं २ टीबी. मोबाइलवरच्या जाहिरातीतून तो ४९९ रुपयांना घेतला होता. तपासल्यावर आत खरी जागा निघाली ३२ जीबी.

म्हणजे पेनड्राइव्हचे पाचशे गेले ते गेलेच, वर न बिघडलेल्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचेही पैसे गेले. या फसवणुकीत दुसरा आकडा बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा मोठा असतो.

पेनड्राइव्हमध्ये डेटा साठवणारी फ्लॅश चिप असते आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. विंडोज जी जागा दाखवतं ती मोजून दाखवत नाही, कंट्रोलर सांगेल तो आकडा दाखवतं. हा आकडा कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, भरलेला असतो आणि तो बदलता येतो. १६ किंवा ३२ जीबीच्या चिपला 'मी २ टीबी' असं म्हणायला लावलं की फॉरमॅट होतो, प्रॉपर्टीजमधला गोल भरपूर मोकळा दिसतो, सगळं ठीक वाटतं. खरी जागा भरेपर्यंत फाइलीही व्यवस्थित उघडतात. त्यापुढे मात्र दोनांपैकी एक होतं. काही कंट्रोलर पुढचा डेटा घेतल्यासारखं करून सोडून देतात. काही पुन्हा सुरुवातीपासून लिहू लागतात आणि आधीच्या फोटोंवर नवे फोटो चढतात. कॉपी मात्र 'पूर्ण' होते. फाइलींची नावं आणि आकार यांची नोंद ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असल्याने यादी बराच काळ शाबूत दिसते. नाव आहे, आकार आहे, उघडलं तर फाइल करप्ट.

दुकानात 'हा बघा चालतोय' म्हणून एक सिनेमा टाकून लावून दाखवतात, ती चाचणी म्हणून निरुपयोगी आहे. एक-दोन जीबी तर नकली पेनड्राइव्हही नीट सांभाळतो. शिवाय नुकतीच कॉपी केलेली फाइल पुष्कळदा रॅममधूनच वाचली जाते. पेनड्राइव्ह काढून, परत लावून मग ती उघडली तरच काही कळतं.

आता कॉम्प्युटर का कोलमडतो. खराब पेनड्राइव्हने खरं तर फक्त एरर द्यायला हवी. पण कंट्रोलर उत्तरच देत नाही तेव्हा विंडोज पुन्हा पुन्हा विचारत राहतं, फाइल एक्सप्लोरर गोठतो, यूएसबी ड्रायव्हर पोर्ट रीसेट करत बसतो आणि त्या गोंधळात कधी निळा पडदा येतो. त्यावर 'बगकोड यूएसबी ड्रायव्हर' असं नाव दिसलं तर हार्ड डिस्कच्या आधी यूएसबीला लावलेल्या वस्तूंवर संशय घ्यावा. सुरू होताना लोगोवर अडकणं याचंही कारण तेच. बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, बूट करण्यासाठी पेनड्राइव्हकडे पाहतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं. पेनड्राइव्ह लावताक्षणी कॉम्प्युटर फटकन बंद होत असेल तर मामला वेगळा आहे. तिथे आत शॉर्ट आहे किंवा पिना एकमेकींना टेकल्या आहेत असं समजावं. यूएसबी पोर्टवर ५ व्होल्ट असतात. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि ३ च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असं मानक आहे. त्याहून फार जास्त करंट ओढला गेला की चांगले मदरबोर्ड स्वतःला बंद करून घेतात. काही बोर्ड तर 'ओव्हर करंट, १५ सेकंदांत बंद होत आहे' असा इशाराही देतात. असा पेनड्राइव्ह 'परत एकदा बघू' म्हणून लावू नये, पोर्ट कायमचा जाऊ शकतो.

घरच्या घरी छडा लावायचा तर आधी कॉम्प्युटर पूर्ण बंद करावा आणि कीबोर्ड-माउस सोडून यूएसबीचं सगळं काढावं. मग सुरू करून रोजचं काम करावं. काही अडचण आली नाही तर मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस बदलण्याचा विषय तिथेच थांबवावा. त्यानंतर पेनड्राइव्ह मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावावा. हब नको, एक्स्टेन्शन वायर नको. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची आतली वायर सैल असणं हा जुन्या मशीनमधला नेहमीचा दोष आहे. पुढे लावल्यावर बंद पडतं आणि मागे चालतं, तर पेनड्राइव्ह निर्दोष असू शकतो. स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडावा, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. कॉम्प्युटर पडून पुन्हा सुरू झाला त्या वेळेला ४१ क्रमांकाची नोंद असेलच, तिचा अर्थ फक्त 'नीट बंद न होता गेला' एवढाच. कामाच्या नोंदी तिच्या जरा आधीच्या. स्रोत 'डिस्क' आणि क्रमांक ७, ५१ किंवा १५३ असेल तर कोणती डिस्क ते आत लिहिलेलं असतं. डिस्क ० ही साधारणपणे आतली असते. डिस्क १ किंवा २ असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो क्रमांक पेनड्राइव्हचा आहे का ते ताडून पाहावं. हार्ड डिस्क बदला असं सांगणाऱ्याकडे हीच नोंद दाखवायला मागावी.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्हज खाली पेनड्राइव्हचं नावही पाहावं. वेष्टनावर नामांकित कंपनी आणि इथे 'व्हेंडरको प्रॉडक्टकोड' किंवा 'जनरल यूडिस्क' असं नाव, तर पुढे बोलायला नको.

खरी जागा मोजण्याचा मार्ग एकच: भरायचं आणि परत वाचायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे जुनं, फुकट आणि भरवशाचं साधन आहे. पेनड्राइव्ह रिकामा हवा. उघडून भाषा इंग्रजी करावी, टार्गेट निवडताना पेनड्राइव्हचं ड्राइव्ह-अक्षर दोनदा तपासावं आणि 'राइट प्लस व्हेरिफाय' दाबावं. २ टीबी पूर्ण भरायचा हट्ट नको. हे पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीच्या आसपास लिहितात. त्या हिशेबाने २ टीबी लिहायलाच जवळजवळ तीन दिवस लागतील. त्याऐवजी 'ओन्ली' निवडून ७०००० एमबी भरावं. अडीच तासांत लिहून होतं, वाचायला वेळ वेगळा. नकली मालातली चिप बहुधा ६४ जीबी किंवा कमीच असते, त्यामुळे चोरी एवढ्यात पकडली जाते. शेवटी 'डेटा लॉस्ट' आलं की त्याच खिडकीत किती जीबी ठीक तेही येतं. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, तक्रारीला तोच पुरावा. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह हे साधन ड्राइव्हभर ५७६ ठिकाणी थोडं थोडं लिहून-वाचून बघतं. लिनक्सवाल्यांसाठी तसंच एफथ्री (F3) हे साधन आहे.

ज्यांचे फोटो आधीच अडकलेत त्यांनी यातलं काहीही चालवू नये. विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल, तेही नाकारावं. ते फाइलींची यादी दुरुस्त करायला जातं आणि उरलेलं विस्कटतं. ज्या फाइली उघडतात त्या आधी दुसरीकडे घ्याव्यात. रिकव्हरीवाल्याकडे जायचं असेल तर एक लक्षात ठेवावं. जो डेटा चिपवर कधी उतरलाच नाही तो जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. काही ठिकाणी स्क्रीनवर फाइलींच्या नावांची लांबलचक यादी दाखवतात, 'सगळं दिसतंय' म्हणतात आणि पाच-दहा हजार मागतात. यादी तर तशीही दिसतेच. आगाऊ पैसे देण्याआधी सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटी कॉपी केलेल्यांपैकी चार-पाच फाइली समोर उघडून दाखवायला सांगाव्यात.

हाच खेळ मोठ्या डब्यातही चालतो. १६ टीबीची 'पोर्टेबल एसएसडी' उघडली की आत कार्ड रीडरची पट्टी, त्यावर एक-दोन मायक्रोएसडी कार्डं आणि गोंदाचा ढीग. निळ्या रंगाचा प्लग म्हणजे यूएसबी ३ असंही धरून चालू नये. यूएसबी ३ च्या प्लगमध्ये पुढच्या चार पट्ट्यांमागे आणखी पाच बारीक पिना असतात. निळं प्लास्टिक आणि पिना चारच असतील तर तो यूएसबी २ आहे. आणि आकड्याचं साधं गणित: खरा २ टीबी विंडोजमध्ये सुमारे १.८२ टीबी दिसतो, १ टीबी ९३१ जीबी. १.९ च्या वर दिसला तर संशय घ्यावा. मात्र १.८२ दिसला म्हणून खरा ठरत नाही, तो आकडाही भरता येतोच. २ टीबीचे पेनड्राइव्ह खरोखर मिळतात, पण ते हजारो रुपयांचे असतात. ६४ जीबीच्या भावात ते कुणीही देत नाही.

विकत घेताना वेष्टनाच्या मागे आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क हे छापलेलं हवं. तपकीर गल्लीत घ्या, कॅम्पात घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर क्षमता आणि सीरियल नंबर लिहून मागावा. बिल द्यायला टाळाटाळ हाच पहिला इशारा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी पुण्यात कितीही ठसठशीत अक्षरांत लावलेली असली तरी सदोष मालाला ती लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीदेखील तशीच.

ऑनलाइन घेतलेल्या मालासाठी आधी त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावं. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: पुण्यात राहणारा माणूस पुण्यातच तक्रार करू शकतो, विक्रेता कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. कॅश ऑन डिलिव्हरीच्या पाकिटावरचं लेबल फेकू नये, पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा तिथेच मिळतो. 'कस्टमर केअर'चा नंबर इंटरनेटवर शोधून फोन करणं मात्र टाळावं. 'रिफंड देतो, हे ॲप टाका' म्हणत स्क्रीनचा ताबा घेणारे तिथेच टपलेले असतात. तसे पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

खरी जागा कळल्यावर विंडोजच्याच डिस्कपार्ट या साधनात 'क्लीन' करून तेवढंच पार्टिशन बनवायची युक्ती व्हिडिओंमधून सांगतात. तसं करता येतं, पण आम्ही सुचवत नाही. या मालातल्या चिपा पुष्कळदा कारखान्याच्या तपासणीत नापास झालेल्या असतात, त्या उरलेल्या ३२ जीबीचाही भरवसा नाही. तक्रार चालू असेल तर पेनड्राइव्ह वेष्टन आणि बिलासकट न पुसता ठेवावा. पैसे परत मिळाले की ई-कचऱ्यात टाकावा, मुलांना प्रोजेक्टसाठी देऊ नये.