मलेरियाचा उपचार : परजीवीवर घाव की त्याच्या आश्रयस्थानाची नाकेबंदी?
पंचगंगेचा पूर ओसरला की कोल्हापुरात साचलेल्या पाण्याची आणि डासांची काळजी सुरू होते, म्हणून मलेरियाच्या उपचाराच्या दोन वाटा शेजारी ठेवून पाहणे मला अगत्याचे वाटते.

पहिली वाट परिचित आहे. आर्टेमिसिनिन हे औषध मलेरिया घडवणाऱ्या सूक्ष्म परजीवीला थेट मारते, तेही झपाट्याने. या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु परजीवीच्या जनुकांत बदल होऊन आग्नेय आशियात आणि पुढे आफ्रिकेतही या औषधाला प्रतिकार निर्माण झाला.

दुसरी वाट परजीवी ज्या तांबड्या पेशीत वाढतो, त्या पेशीकडे वळते. तेथील ‘सिक’ हे मानवी विकर (एन्झाइम) रोखले, तर पेशी फोडून बाहेर पडणे परजीवीला कठीण जाते. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब हेच साधते, आणि व्हिएतनाममधील एका छोट्या चाचणीत नेहमीच्या उपचाराला त्याची जोड दिल्यावर रक्तातील परजीवी लवकर नाहीसे झाले. हे विकर परजीवीच्या जनुकांतून घडत नसल्याने त्यात बदल करून निसटणे त्याला शक्य नाही, हे मला या वाटेचे सर्वांत मोठे बळ वाटते. मात्र येथे औषध रुग्णाच्याच पेशींवर चालते. ज्यांना मलेरिया अधिक घातक ठरतो त्या गर्भवतींना इमॅटिनिब देणे धोक्याचे आहे. म्हणून सध्या तरी मी त्याला आर्टेमिसिनिनचा पर्याय न मानता केवळ जोडऔषध मानतो.