उरलेला रंग: जपून ठेवावा, मिसळून वापरावा की देऊन टाकावा?

घर रंगवून झालं की दोन-तीन अर्धवट डबे उरतातच. भंगारवाल्याला रिकामा डबा हवा असतो, आतला रंग नको असतो. त्याचं काय करायचं हे ठरवण्याआधी रंग पाण्याचा आहे की तेलाचा, ते डब्यावर वाचा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पाण्याचा, म्हणजे इमल्शन असेल, तर बरेच जण टचअपसाठी, म्हणजे नंतर डाग-ओरखडे झाकायला, डबा माळ्यावर टाकतात. त्यासाठी पाव लिटर पुरतं. घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरा म्हणजे आत हवा राहत नाही, आणि शेडचा नंबर लिहून ठेवा. पण वर्षा-दोन वर्षांत भिंतीवरचा रंग उन्हाने, धुराने बदलतो आणि टचअपचा डाग वेगळा उठून दिसतो. त्यामुळे तीन-चार लिटर जपून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

माझा कौल मिसळून वापरण्याकडे आहे. घरात आतून लावायची सगळी इमल्शनं जुन्या ओढणीतून गाळून एका बादलीत एकत्र करा. छटा बहुतेक मातकट येते, पण कोठीच्या खोलीला किंवा पुढच्या रंगकामाच्या पहिल्या हाताला ती छान चालते. नवीन रंगाचा एक हात वाचतो, हा खरा फायदा. कंपाउंडच्या भिंतीला मात्र हे मिश्रण लावू नका, आतला रंग पावसात टिकत नाही. कुजका वास येणारा डबाही यात ओतू नका, सगळी बादली वाया जाईल.

तेलाचा रंग इमल्शनमध्ये मिसळतच नाही. तो ग्रिल, गेट, लोखंडी स्टँड यांच्यासाठी ठेवा: आधी गंज खरवडायचा, मग रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा अस्तराचा हात), मग रंग. स्वतःकडे असं काम नसेल तर रंगाऱ्याला किंवा शेजाऱ्यांना लगेच देऊन टाका. उघडलेल्या डब्यात साय धरते आणि उशीर केला तर कुणालाच उपयोग होत नाही. फार जुना डबा असेल तर पाळण्याला, खेळण्यांना तो अजिबात लावू नका. रंगातल्या विषारी शिशावरची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही.

कुंड्या रंगवायच्या तर फक्त बाहेरून.

यातलं काहीच जमणार नसेल तर रंग मोरीत ओतू नका. थोडं इमल्शन असेल तर वाळू किंवा लाकडाचा भुसा घालून उघड्यावर कडक सुकू द्या. तेलाचा रंग डब्यातच झाकण लावून ठेवा. 2016 च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, म्हणून दोन्ही ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळे द्या.