बिश्केकचा बंदोबस्त: एमबीबीएस अब्रॉड एजन्सीचा अनुभव, पाचपैकी दोन तारे

एजन्सी नागपुरात, धरमपेठेतली. नाव लिहीत नाही, कारण रजिस्ट्रेशनचे २५ हजार परत यायचे आहेत आणि तोवर मला कोणाशी वाकडं घ्यायचं नाही.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी असे प्रश्न काहून विचारले ते कळेल. नागपूर शहर पोलिसात ३५ वर्षं काढली, फौजदार म्हणून रिटायर झालो. डिसेंबरची ड्युटी दरवर्षी ठरलेली, हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे. झिरो माइल, व्हरायटी चौक, मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच टी-पॉइंटवर चेंगराचेंगरीत गोवारी समाजाचे ११४ मोर्चेकरी गेले, तेव्हा माझं नोकरीचं चौथं वर्ष होतं. तेव्हापासून कोणी ‘एकदम सेफ’ म्हटलं की माझ्या डोक्यात दोनच गोष्टी येतात: बॅरिकेडपाशी कोण उभं आहे, आणि त्याला ऑर्डर कोण देतं.

पोरीला नीटमध्ये मार्क पडले, पण मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी कॉलेजांत नंबर लागण्याइतके नाही. प्रायव्हेटची फी पेन्शनीत बसत नाही. म्हणून किर्गिझस्तान, बिश्केक.

ऑफिस चकाचक. मे महिना, बाहेर ४५ अंश, आत स्वेटर घालावं असा एसी. मॅडम बोलायला गोड, आणि नियमांची माहिती पक्की, हे कबूल केलं पाहिजे. किमान ५४ महिने शिक्षण, मग तिथेच १२ महिने इंटर्नशिप, शिकवणं इंग्रजीतच हवं, परत आल्यावर ३०० पैकी १५० मार्क लागणारी परीक्षा, ती पास झाली तरच इथली पुढची इंटर्नशिप. लपवाछपवी नाही. एक तारा या मॅडमचा.

मग माहितीपत्रक. इंडियन मेस, वरण-भात, लेडी वॉर्डन, मजल्यामजल्यावर सीसीटीव्ही. स्क्रीनवर देशाचा झेंडा होता तो जुना. त्यांच्या संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये झेंडा बदलला, सूर्याचे नागमोडी किरण सरळ केले. कारण काय, तर जुना सूर्य सूर्यफुलासारखा दिसतो! मी हे सांगितलं तर मॅडम हसल्या. म्हणाल्या, “काका, तुम्ही लई वाचून आले. तो तर रशियाच आहे ना जवळजवळ.”

नाही बाई. ३१ ऑगस्ट १९९१ पासून वेगळा देश आहे तो. तेव्हापासून सहा अध्यक्ष झाले, त्यातल्या तिघांना जमावाने घालवलं. मार्च २००५ मध्ये अकायेव, एप्रिल २०१० मध्ये बाकियेव, ऑक्टोबर २०२० मध्ये जीनबेकोव. चौथे आतामबायेव, त्यांनी मुदत पूर्ण केली, तर त्यांनाच धरायला ऑगस्ट २०१९ मध्ये कोय-ताश गावी कमांडो पाठवावे लागले. पहिल्या दिवशी धाड फसली, एक जवान गेला. ते वाचताना माझं जेवण थांबलं होतं. आजी-माजी साहेबांच्या भांडणात शिपाई मरतो.

२०२० चं प्रकरण तर सिनेमात कोणी पटवून घेणार नाही. ४ ऑक्टोबरला निवडणूक, मतं विकत घेतल्याची ओरड, ५ तारखेच्या रात्री लोक सरकारी इमारतीत घुसले. ओलीस प्रकरणात साडेअकरा वर्षांची सजा भोगत असलेले नेते जापारोव यांना समर्थकांनी जेलमधून सोडवून आणलं, आणि १५ तारखेला ते काळजीवाहू अध्यक्ष. आपल्याकडे दहा दिवसांत जामिनाचा कागद जेलपर्यंत पोचत नाही.

मला मात्र अध्यक्षांपेक्षा पोलिसांचं जास्त वाटतं. २००५ आणि २०१०, दोन्ही वेळा सरकार पडल्यावर बिश्केकची दुकानं लुटली गेली, कारण पोलीस रस्त्यावर दिसेनासे झाले. २०२० मध्ये लोकच टोळ्या करून बाजारपेठेवर पहारा देत होते. मी त्यांना दोष देत नाही. आज ज्याला लाठी मारली तो उद्या आपला साहेब होऊन येतो, हे तीनदा पाहिलेला शिपाई लाठी उचलेल कशाला? आणि २०१० च्या जूनमध्ये दक्षिणेत ओश शहरात किर्गिझ आणि उझबेक यांच्यात पेटलं तेव्हा चारशेहून जास्त माणसं मेली. ओशलाही आपली पोट्टे-पोट्टी शिकायला जातात. एजन्सीच्या यादीत ओश ‘कमी बजेट’ या रकान्यात होतं.

तर मी विचारलं, जमाव हॉस्टेलवर आला तर पोलीस किती वेळात येतात? मॅडम म्हणाल्या, “सर, असं काही होत नाही तिथे.”

झालंय. मे २०२४ मध्ये. स्थानिक आणि परदेशी पोरांच्या मारामारीचा व्हिडिओ फिरला आणि १७ च्या रात्री शेकडो लोक परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर चालून गेले. आपल्या दूतावासाने पोरांना घरातच राहायला सांगितलं. पाकिस्तानने आपली मुलं खास विमानांनी परत नेली.

इथे बाजूच्या टेबलावरचा पोरगा मान वर करून बघायला लागला. गोंदियाकडचा, बिश्केकहूनच शिकून आलेला, परीक्षेचा अभ्यास करता करता इथे पार्ट टाइम काम करतो. मॅडम फोनवर गेल्या तशी त्याने खुर्ची सरकवली. त्या रात्री तो भाड्याच्या फ्लॅटमध्ये होता. चौघांनी दिवे बंद केले, दाराला गादी लावली, फोन सायलेंट. खालची घरमालकीण, ते तिला एजे म्हणायचे, म्हणजे ताई, ती जिन्यात बसून राहिली. कोणी विचारलं तर इथे परदेशी राहत नाहीत म्हणायची. सकाळी तिनेच पाव आणून दिले.

“आणि पोलीस?” मी विचारलं.

“काका, पोलीस होते. उभे होते.”

उभे होते. या दोन शब्दांत जे आहे ते सीसीटीव्हीत नाही.

आता म्हणे शांत आहे. असेल. २०२१ च्या नव्या राज्यघटनेने सगळी सूत्रं अध्यक्षांच्या हाती दिली. केम्पिर-आबाद धरणाची जमीन उझबेकिस्तानला देण्यावर बोलले म्हणून २०२२ मध्ये वीसहून जास्त कार्यकर्ते आत गेले, ते २०२४ मध्ये कोर्टातून सुटले. जानेवारी २०२४ मध्ये पत्रकार उचलले. मोर्चाच निघू द्यायचा नाही, हा सगळ्यात सोपा बंदोबस्त. बाप म्हणून मला ती शांतता बरी वाटली, पोलीस म्हणून नाही.

मॅडमनी मग जॉर्जिया दाखवला, जास्त पैशांत. तिथलं मला एक आवडलं. २००४ मध्ये त्यांनी हप्तेखोरीला कंटाळून सगळेच्या सगळे वाहतूक पोलीस घरी बसवले आणि नवीन भरती केली. पुढे पोलीस ठाणीही काचेची बांधली, आत काय चाललंय ते बाहेरून दिसावं म्हणून. (आपल्याकडे काच लावली तर तिच्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतील.) पण तिथेही नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने युरोपीय संघाशी बोलणी थांबवली आणि तिबिलिसीत रोज रात्री निदर्शनं सुरू झाली. काच होती, आत बसणारे साहेब बदलले.

शेवटी मी एकच मागितलं: गडबड झाली तर तुम्ही काय करणार, ते लेटरहेडवर लिहून द्या. उत्तर आलं, आमचा पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. जानेवारी २०२२ मध्ये गॅसच्या भावावरून शेजारच्या कझाकस्तानात भडका उडाला तेव्हा इंटरनेटच बंद केलं होतं. ग्रुपवर कोण काय टाकणार? यावर मॅडमनी मला पाणी दिलं.

दुसरा तारा गोंदियाच्या पोराचा. तिसरा लेटरहेड मिळालं असतं तर दिला असता.

रिफंडला ४५ दिवस सांगितले होते, आज ६२ वा. पोरगी म्हणते, तरी मी बिश्केकलाच जाणार. तिने त्या पोराकडून एजेच्या घराचा पत्ता परस्पर घेतला आहे, खालची खोली ऑगस्टपासून रिकामी होते म्हणे. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा एजेशी व्हिडिओ कॉल ठरला आहे, तो पोरगा भाषांतर करणार आहे.