ट्रान्सिटस : वेळ चोख, थांबा मात्र तपासून घ्यावा

‘ट्रान्सिटस’ ही स्वयंसेवकांनी चालवलेली, विनामूल्य प्रवास-नियोजन सेवा आहे. गाड्यांच्या वेळा ती परिवहन संस्थांनी खुल्या केलेल्या जीटीएफएस (वेळापत्रके व थांबे लिहिण्याचा सामायिक नमुना) फायलींतून घेते, पायवाटा व रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावरून घेते आणि ‘मोटिस’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे मार्ग काढून देते. ग्नोम मॅप्स आणि केडीई आयटिनररी ही ॲप्स तिचा वापर करतात. गाडी कोठे बदलायची आणि पुढची मिळेल की नाही, याचे उत्तर चटकन मिळते. जीटीएफएसमध्ये रात्री दीडची फेरी आदल्या दिवसाच्या सेवेत 25:30:00 अशी लिहिता येते. अशा फेऱ्याही ती योग्य तारखेस दाखवते.

खरी कसोटी लागते ती थांब्यापाशी. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही परिवहन संस्था आणि गूगल यांनी 2005 साली एकत्र केलेल्या कामातून जीटीएफएस जन्माला आले. त्यात साध्या थांब्याची ओळख म्हणजे एक आयडी, एक नाव आणि अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू. ओपनस्ट्रीटमॅपवर मात्र त्याच थांब्याचा फलाट आणि रस्त्यावर गाडी उभी राहते ती जागा या दोन वेगळ्या नोंदी असू शकतात, आणि त्या करणाऱ्यांनी वेळापत्रकाची फाइल पाहिलेलीच असते असे नाही. मग दोन्हींची सांगड नाव आणि अंतर पाहून घालावी लागते. दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाचे थांबे असले आणि फाइलमधला बिंदू दहा-पंधरा मीटर सरकलेला असला, तर प्रवासी पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि त्याची गाडी त्याच्यासमोरून निघून जाते. वेळ अचूक असूनही!

मोठ्या स्थानकांत, जेथे संस्थेने फाइलमधले मूळ स्थानक (थांबा ज्या स्थानकात येतो ते) व फलाट क्रमांक हे रकाने नेटाने भरलेले असतात, तेथे हीच सेवा वाखाणण्याजोगी ठरते. गाडी बदलताना कोणत्या फलाटावरून कोणत्या फलाटावर जायचे, हेही ती दाखवू शकते.

नकाशावरील थांब्यालाच जीटीएफएसचा आयडी जोडून ठेवणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर तशी टॅग देण्याची पद्धतही आहे. अडचण अशी की काही संस्था नवी फाइल काढताना आयडीच बदलतात, आणि मग जोडणीचे सारे काम पुन्हा करावे लागते. ओपनस्ट्रीटमॅपच्या नोंदींचे क्रमांकही कायमचे नसल्यामुळे उलट बाजूने, म्हणजे फाइलमधल्या थांब्याला नकाशावरील नोंदीचा क्रमांक देऊन, जोडणी करणे फारसे टिकाऊ नाही.

नियोजनासाठी मी ही सेवा निःशंक सुचवेन. अनोळखी थांब्यावर मात्र गाडीची दिशा आणि रस्त्याची बाजू स्वतः पाहून घ्यावी. चूक नकाशात असेल, तर ती कोणालाही खाते उघडून दुरुस्त करता येते. मूळ फाइलमध्ये असेल, तर संबंधित परिवहन संस्थेला कळवावे.