पिस्तूल दिसू द्यावं की झाकावं? टेक्सासमधल्या मराठी माणसासाठी, पोलिसाशी गाठ पडणार हे धरून

टेक्सासात २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला कमरेला पिस्तूल लावून रस्त्याने चालता येतं. २०१६ च्या १ जानेवारीपासून लायसन्सवाल्यांना ते उघडं बाळगायला परवानगी मिळाली आणि २०२१ च्या १ सप्टेंबरपासून लायसन्सची अटही गेली. त्यामुळे पिस्तूल घेतलेला माणूस विचारतो, ओपन कॅरी बरं की कन्सील्ड? बोलणं मग होल्स्टर कुठलं, बोर कुठला, उन्हाळ्यात टी-शर्टाखाली काय दिसतं आणि काय नाही, यावर घसरतं. मला वाटतं निवड एका वेगळ्या गोष्टीवर व्हायला हवी: पोलीस तुमच्यासमोर उभा राहील तेव्हा त्याला तुमच्याबद्दल सगळ्यात आधी काय कळलेलं असेल. पुढची सगळी तुलना त्याच कसोटीवर केली आहे.

आधी व्हिसा बघा

एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन किंवा व्हिजिटर व्हिसावर असाल तर उघडं की झाकलेलं हा प्रश्न तुमच्यासाठी नाहीच. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांसारखे काही अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. टेक्सासचा कायदा कितीही सैल असला तरी केंद्राचा कायदा त्याच्या वर आहे. शूटिंग रेंजवर 'नुसती दोन राउंड मारून बघू' म्हणणाऱ्या मित्रालाही तो लागू होतो. फ्लोरिडात शिक्षण सुटल्यामुळे स्टुडंट व्हिसाचा दर्जा गेलेल्या एका तरुणावर शूटिंग रेंजवर गेल्यामुळेच खटला झाला आणि तो २०१९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. सुट्टीत आलेल्या आई-बाबांना रेंजवर नेऊन फोटो काढायची हौस आपल्याकडे फार आहे. कृपा करून ती आवरा.

ग्रीनकार्ड हातात आलं की बाळगता येतं. मात्र बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीनकार्ड असूनही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. तुमच्या शेजाऱ्याला, जो इथेच जन्मला, त्याला ज्या चुकीसाठी दंड भरून सुटता येईल, तीच चूक तुम्हाला घरदारासकट मुळापासून हलवू शकते. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

उघडं असेल तर फोन दुसराच कुणीतरी करतो

उघड्या पिस्तुलाच्या बाजूने जे बोललं जातं त्यात तथ्य आहे. काढायला सोपं, उन्हात शर्टावर शर्ट चढवावा लागत नाही, आणि वाईट हेतूचा माणूस बघून पुढे जाईल अशी आशा. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर माझा फारसा विश्वास नाही. ज्याला पिस्तूलच हवं आहे त्यालाही ते दिसतंच. निदान ओढून निघणार नाही असं, बोटाने खटका दाबल्याशिवाय न सुटणारं होल्स्टर तरी हवं.

पण खरी अडचण पोलिसांच्या बाजूने येते. उघडं पिस्तूल बघून घाबरलेला कुणीतरी नाइन-वन-वनला फोन करतो. 'एक सावळा माणूस, हातात गन' एवढंच तो सांगतो, हातात नसून कमरेला असली तरी. तो फोन घेणारा डिस्पॅचर पोलिसांना तेवढंच कळवतो. येणाऱ्या पोलिसाला तुमचं नाव, तुमची नोकरी, तुमची पोरं यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त गन माहीत असते. तुम्ही तोंड उघडण्याआधीच त्याचं मत निम्मं तयार झालेलं असतं.

कोर्टात काय होतं ते दोन खटल्यांतून नीट दिसतं. ओहायोतल्या टोलेडोमध्ये २०१० साली एक माणूस बायको, मुलगी, नातू आणि कुत्र्याला घेऊन संध्याकाळी फिरायला निघाला होता, कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल. मोटरसायकलवरच्या एकाने फोन केला. पोलिसाने पिस्तूल काढून घेतलं, हातकडी घातली, गाडीत बसवलं. सहाव्या सर्किटच्या (केंद्रीय अपील न्यायालयांचे विभाग असतात, त्यांतला एक) न्यायालयाने पुढे म्हटलं की जिथे उघडं बाळगणं कायदेशीर आहे तिथे नुसतं बाळगलं म्हणून संशय घेता येत नाही. माणूस बरोबर होता. पण हा निकाल आला २०१५ मध्ये. याच न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशव्हिलजवळच्या रॅडनर लेक पार्कातल्या माणसाविरुद्ध निकाल दिला होता. त्याच्याकडचं हत्यारही पिस्तुलातच मोडत होतं, पण एके-४७ च्या धाटणीचं, नळीचं टोक नारिंगी रंगवलेलं, अंगावर लष्करी छापाचे कपडे. रेंजरने त्याला जमिनीवर झोपवून अडवून ठेवलं ते न्यायालयाला रास्त वाटलं.

हे दोन्ही निकाल टेक्सासवर थेट बंधनकारक नाहीत, टेक्सास पाचव्या सर्किटमध्ये येतं. पण त्यातून एक गोष्ट कळते. तुमचा हक्क खरा असला तरी तो न्यायालयात सिद्ध होतो. फुटपाथवर त्या संध्याकाळी पोलिसाचंच चालतं. पुण्यात हवालदाराशी 'अहो साहेब, पण नियम काय सांगतो' म्हणून वाद घालायची सवय असलेल्यांनी हा वाद इथे वकिलासाठी राखून ठेवावा.

टेक्सासच्या विधिमंडळात २०१५ मध्ये हाच प्रश्न आला होता: नुसतं लायसन्स विचारण्यासाठी पोलिसाने थांबवू नये, अशी दुरुस्ती सुचवली गेली आणि शेवटी ती गाळली गेली. आता लायसन्सच लागत नसल्यामुळे 'लायसन्स बघायचं होतं' हे कारण तसं लंगडं पडलं आहे. पण हत्यार लोकांना घाबरवण्याच्या रीतीने दाखवणं हा टेक्सासात वेगळा गुन्हा आहेच, आणि फोन करणाऱ्याने 'मी घाबरलो' म्हटलं की पोलीस तिथून सुरुवात करतो.

रंगाचा विषय टाळून ही तुलना पुरी होत नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसनमध्ये गुजरातहून मुलाकडे आलेले एक आजोबा मुलाच्याच घराजवळ फिरत होते. कुणीतरी 'संशयास्पद माणूस' म्हणून फोन केला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांना अर्धांगवायूसारखी अवस्था आली. त्यांच्याकडे काहीही नव्हतं. हे वाचूनही कुणाला पिस्तूल उघडं मिरवत सोसायटीत चक्कर मारावीशी वाटत असेल तर मला त्याची काळजी वाटते, अगदी मनापासून. डॅलसमध्ये ७ जुलै २०१६ च्या रात्री पोलिसांवर गोळीबार झाला तेव्हा मोर्चात कायदेशीरपणे रायफल घेऊन आलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाचा फोटो पोलिसांनीच संशयित म्हणून जाहीर केला होता. त्याने रायफल स्वतःहून पोलिसाच्या हातात दिली होती, आणि तो निर्दोष होता.

झाकलेलं असेल तर गोष्ट तुम्ही सांगता, पण ती सांगताही यायला हवी

शर्टाखालचं पिस्तूल कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी फोन करत नाही. पोलिसाशी गाठ पडलीच तर ती बहुतेक गाडीत पडते: वेग, लाल सिग्नल, विझलेला दिवा. पिस्तुलाची बातमी तेव्हा तुमच्याकडून, तुमच्या शब्दांत जाते. मला ही बाजू फार मोठी वाटते. तिच्यातच मोठा धोकाही आहे.

६ जुलै २०१६ ला मिनेसोटातल्या फॉल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टिल याला गाडीत थांबवलं गेलं. त्याच्याकडे परवाना होता. पोलिसाने ड्रायव्हिंग लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं, त्याने इन्शुरन्सचा कागद दिला, आणि मग आदराने सांगितलं की माझ्याकडे हत्यार आहे. पोलीस म्हणाला, मग हात घालू नकोस. लायसन्स काढायला हात हलतोय की पिस्तुलाकडे, या गोंधळात काही क्षणांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. तो मेला. पोलिसाला २०१७ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं. कॅस्टिलने खरं तेच सांगितलं होतं. घात झाला तो 'कागद काढ' आणि 'हात घालू नकोस' या दोन हुकमांच्या मधल्या जागेत. ती जागा तुम्ही आधीच बुजवायची असते.

म्हणजे असं. दिवे दिसले की गाडी उजवीकडे, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर. आपल्याकडे थांबवलं की माणूस खाली उतरून, डिकी उघडून कागद घेऊन साहेबाकडे जातो. इथे खाली उतरायचं नाही. ग्लव्ह बॉक्स उघडायचा नाही, विशेषतः पिस्तूल तिथेच असेल तर. पोलीस खिडकीशी आला की हात न हलवता, हळू आवाजात: 'ऑफिसर, माझं कॅरी लायसन्स आहे. पिस्तूल उजव्या कमरेला आहे. लायसन्सचं पाकीट मागच्या खिशात आहे. मी काय करू?' 'आय हॅव अ गन' हे पहिलं वाक्य करू नका. आणि तो सांगेल तेवढंच, त्याच्या वेगाने करा. तो उतर म्हणाला तर उतरायचं. ड्रायव्हरला खाली उतरवायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच दिला आहे. त्याने पिस्तूल तात्पुरतं काढून घेतलं तर घेऊ द्या. लायसन्सधारकाचं हत्यार स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेसाठी काढून घ्यायची मुभा टेक्सासचा कायदा पोलिसाला देतो, आणि तुम्हाला जाऊ देताना ते परत द्यायचं असतं.

गाडीत बसलेल्या बायकोलाही हे आधी सांगून ठेवा. 'अहो, दाखवा ना त्यांना' म्हणत तिनेच ग्लव्ह बॉक्स उघडला तर वरची सगळी तयारी वाया. मुलांनाही सांगा, शांत बसायचं म्हणून.

टेक्सासात लायसन्सधारकाने, पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि अंगावर पिस्तूल असेल तर ओळखपत्र आणि कॅरी लायसन्स दोन्ही दाखवायचं असतं. मिशिगन किंवा नॉर्थ कॅरोलिनात झाकलेलं पिस्तूल असेल तर न विचारता, लगेच सांगावं लागतं. ओहायोने २०२२ मध्ये ही सक्ती काढून विचारल्यावर सांगण्यावर आणली.

लायसन्स लागत नाही, तरी काढा

फी ४० डॉलर, वर्ग चार ते सहा तासांचा, रेंजवर ५० गोळ्यांची परीक्षा. बदल्यात काय मिळतं ते बघा. दुकानांच्या दारावर कायद्याच्या कलमाचा आकडा लिहिलेल्या पाट्या असतात: ३०.०७ ची पाटी म्हणजे लायसन्सवाल्यालाही उघडं नेता येत नाही, ३०.०६ ची म्हणजे झाकून नेता येत नाही. नुसती ३०.०७ लावलेली दुकानं टेक्सासात खूप आहेत, आणि तिथे लायसन्ससह झाकलेलं चालतं. उघड्यावाला दारातच अडतो. एल पासोच्या २०१९ च्या हत्याकांडानंतर वॉलमार्ट आणि क्रोगरने तर गिऱ्हाइकांना उघडं आणू नका अशी विनंतीच केली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. केंद्रीय कायद्यात शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांत बंदूक बाळगणं गुन्हा आहे, आणि त्यातून सूट आहे ती त्या राज्याचं लायसन्स असलेल्याला. खासगी जागा किंवा कुलूपबंद पेटीतलं रिकामं पिस्तूल वेगळं. फ्रिस्को, केटी, शुगर लँड इथे शाळेजवळून न जाता किराणा आणणं जवळपास अशक्य आहे. विनालायसन्स माणूस रोज ती रेषा ओलांडत असतो, न कळत. ग्रीनकार्डवाल्याने तर हा धोका पत्करूच नये.

शाळेच्या इमारतीत मात्र लायसन्सनेही चालत नाही. आपल्या मंडळांचे गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम बऱ्याचदा हायस्कूलच्या सभागृहात असतात. तिथे जाताना पिस्तूल घरीच. ५१ टक्क्यांची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूची, असं सांगणारी) असलेल्या बारमध्ये, कोर्टात, मतदान केंद्रातही नाही.

मी काय निवडेन

लायसन्ससह झाकलेलं, आणि तेही रोज सराव करणार असाल तरच. उघडं मी फक्त स्वतःच्या शेतावर, शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर, जिथे फोन करणारा कुणी नाही तिथे समजू शकतो. मोटेल किंवा गॅस स्टेशन चालवणाऱ्यांनी काउंटरमागे उघडं ठेवावं की नाही हा वेगळा विचार आहे, कारण ती जागा त्यांच्या ताब्यातली असते. पण दरोडा पडून गेल्यावर पोलीस धावत आत येतो तेव्हा हातात पिस्तूल धरलेला सावळा माणूस त्याला दरोडेखोरच वाटू शकतो. अशा वेळी ते आधी खाली ठेवा, हात वर करा, मग बोला.

पिस्तूल घरातल्या तिजोरीतच ठेवणं हा तिसरा पर्याय आहे आणि बहुतेक घरांसाठी मला तोच बरा वाटतो. आणि सुट्टीत न्यू जर्सीतल्या एडिसनला बहिणीकडे निघालात, तर ते टेक्सासातच राहू द्या: न्यू जर्सी टेक्सासचं लायसन्स मानत नाही, न्यू यॉर्कही नाही, आणि इलिनॉयमध्ये उघडं बाळगणं बेकायदा आहे.