लाउंज की कमी व्याज? धंद्याच्या दोन कार्डांची तुलना

धंद्यासाठी प्रीमियम कार्ड घ्यायचं ठरलं की साधारण दोन जातींची कार्डं समोर येतात. एक भारी वार्षिक फीचं, विमानतळावरचं लाउंज, प्रवास विमा, ढीगभर पॉइंट देणारं आणि व्याजदर चढा असलेलं. दुसरं बेताच्या फीचं, सरळ कॅशबॅक देणारं, कमी व्याजाचं आणि दिसायला अगदीच साधं. माझ्याकडे दोन्ही आहेत. बिल न चुकता पूर्ण भरणाऱ्याला व्याजदराशी काय देणंघेणं, हा प्रश्न रास्त आहे. पण धंद्यात बिल भरायचे पैसे बहुधा दुसऱ्याच्या खिशातून यायचे असतात आणि तो दुसरा आपल्या सवडीने देतो.

पहिल्या कार्डाचं श्रेय आधी देतो. परकीय चलनातल्या खर्चावर बऱ्याच कार्डांना दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, लागतो, तो इथे नाममात्र आहे. परदेशी सॉफ्टवेअरची वर्गणी दरमहा जात असेल तर एवढ्यावरच फीचा बराचसा भाग वसूल होतो. प्रवास विमा आणि चोवीस तास फोन उचलणारी माणसं, हेही खरंच कामाला येतं. लाउंजबद्दल मात्र मी थोडा साशंक आहे. मोफत भेटींना मर्यादा असते, सोबतच्या माणसाचे वेगळे पैसे पडतात आणि हल्ली आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशा अटीही दिसतात. पॉइंटांचंही तसंच: विमान तिकिटाला वापरले तर चांगला भाव मिळतो, बिलातून वळते करायला गेलं की तोच पॉइंट कितीतरी स्वस्त होतो. कर, इंधन, भाडं यांवर पुष्कळदा पॉइंट मिळतच नाहीत, आणि धंद्याचा मोठा खर्च नेमका तिथेच असतो.

आता ज्या गोष्टीने माझा कौल फिरवला ती. एका ग्राहकाचं येणं लांबलं, म्हणून पहिल्या कार्डाचं बिल त्या महिन्यात पूर्ण भरलं नाही, थोडी बाकी पुढे नेली. बाकीवर व्याज लागणार हे ठाऊक होतंच. पुढचं स्टेटमेंट उघडलं तर प्रिंटरच्या कार्ट्रिजवरही व्याज! ते कार्ट्रिज नव्या महिन्यातलं होतं, त्याचं बिल भरायची तारीख अजून यायची होती. नियम असा की बाकी पुढे गेली की व्याजमुक्त मुदतच (खरेदीपासून बिल भरायच्या तारखेपर्यंतचे बिनव्याजी दिवस) उडते आणि नव्या प्रत्येक खरेदीवर पहिल्या दिवसापासून मीटर चालू होतो. त्यानंतर मी सगळं बिल चुकतं केलं, तरी त्याच्या पुढच्या स्टेटमेंटवर व्याजाची एक ओळ होतीच, कारण बिल तयार झाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज मागाहून लागतं. रक्कम फार नव्हती. पण अकाउंटंटला ती ओळ समजावताना माझी जी चिडचिड झाली ती एखाद्या लाउंजमधल्या कॉफीने भरून निघण्यातली नव्हती.

नियमात लबाडी नाही, तो अटींमध्ये छापलेला असतो आणि दुसऱ्या कार्डालाही लागू आहे. फरक दोन ठिकाणी पडतो. तिथला दर जवळपास निम्मा आहे. शिवाय एखादी मोठी खरेदी वेगळी काढून हप्त्यांत बांधता येते. मग उरलेलं बिल वेळेवर भरलं की रोजच्या खरेदीची मुदत शाबूत राहते. ही सोय तुमच्या कार्डात आहे का, ते बँकेकडून लेखी घ्या. फोनवर सगळेच ‘हो’ म्हणतात.

हिशेब ढोबळच मांडतो. महिना ३ टक्के म्हणजे कागदावर वर्षाला ३६, आणि बाकी तशीच ओढत नेली तर चक्रवाढीने ४२ च्या वर. पॉइंटांचं मोल खर्चाच्या दीड टक्का धरलं, तरी एका महिन्याची थकबाकी तेवढ्याच रकमेच्या दोन महिन्यांच्या खरेदीचे पॉइंट खाऊन टाकते. १९५० साली डायनर्स क्लबचं कार्ड आलं तेव्हा महिन्याचं बिल पूर्ण भरणं हाच करार होता. बाकी पुढे नेण्याची सोय लोकांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोचली ती बँक ऑफ अमेरिकाच्या १९५८ च्या बँकअमेरिकार्ड या क्रेडिट कार्डापासून. मला वाटतं, चमकदार सवलतींची कार्डं मनाने अजून १९५० मध्येच आहेत: पूर्ण भरणाऱ्यासाठी उत्तम, इतरांना महाग.

कार्डावरून रोख काढणं दोन्हीकडे सारखंच वाईट, त्यावर बोलायला नको. धंद्याच्या कार्डावर मालकाची वैयक्तिक हमी बहुधा असतेच, तेव्हा थकबाकीची झळ घरापर्यंत येऊ शकते, हे दोन्ही अर्जांवर सही करताना लक्षात असू द्या.

तुमचे ग्राहक रोखीने किंवा आगाऊ पैसे देणारे असतील आणि प्रवास सतत असेल, तर पहिलं कार्ड खुशाल घ्या, माझा आग्रह नाही. येणं साठ-नव्वद दिवसांवर जात असेल, तर कार्डाची व्याजमुक्त मुदत साधारणपणे फार तर पन्नास दिवसांची आणि बिल तयार होण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला जेमतेम वीस, एवढं पाहून ठरवा. माझा रोजचा खर्च आता दुसऱ्या कार्डावर आहे. पहिलं परदेशी वर्गण्यांपुरतं ठेवलंय, तेही यंदाची फी माफ झाली तर.